जुन्या इंजिनाचा जमाखर्च

वस्तू जुनी झाली म्हणजे ती टाकून द्यावी की दुरुस्त करून घ्यावी, हा प्रश्न प्रत्येक घरात केव्हा ना केव्हा उपस्थित होतो आणि बहुधा फारशी आकडेमोड न करताच तो सुटतो. वडीलधारी मंडळी 'अजून चांगली चालते आहे' म्हणतात, मुले 'आणखी किती दिवस वापरणार' म्हणून विचारतात, आणि ज्याच्या हाती पैसा असतो त्याचे मत अखेर ग्राह्य धरले जाते. अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाने तरी हा प्रश्न अशा रीतीने सोडवू नये, अशी अपेक्षा असते. म्हणून हा जमाखर्च.

प्रस्तुत लेखकाच्या घरी १९८६ साली घेतलेली 'चेतक' स्कूटर आहे. वडिलांनी नाव नोंदवून, काही वर्षे वाट पाहून ती घेतली होती. गेल्या पावसाळ्यात ती किकला दाद देईनाशी झाली. मिस्त्रींनी हातानेच किक दाबून पाहिली आणि 'कॉम्प्रेशन गेले, आता फुल इंजिन काम' असा निर्वाळा देऊन दहा-बारा हजारांचा अंदाज सांगितला. त्याच आठवड्यात भंगारवाल्याने तिचे साडेतीन हजार रुपये देऊ केले होते. साडेतीन हजारांची वस्तू जिवंत ठेवण्यासाठी त्याच्या तिप्पट रक्कम खर्च करणे हे शहाणपणाचे की केवळ भावनेचे? या प्रश्नाचे उत्तर वरवर दिसते तितके सोपे नाही. शिवाय ते एका घरापुरतेही नाही. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या साऱ्या उद्योगपट्ट्याशी त्याचा संबंध पोहोचतो.

बिलाची फोड

प्रथम बिल पाहू. पिस्टन व रिंगा ९५० रुपये, कनेक्टिंग रॉडचा संच १,३००, बेअरिंगे व ऑइल सील १,२५०, क्लच प्लेटा ६५०, कार्बुरेटर ९००, पॅकिंग व केबली ५००, कॉइल व कंडेन्सर ७००. म्हणजे सुट्या भागांचे ६,२५० रुपये. याशिवाय लेथवर सिलिंडर बोअर करण्याचे ४५०, क्रँक खोलून पुन्हा प्रेस करून सरळ आणण्याचे ५००, सायलेन्सर साफ करून वेल्डिंग करण्याचे ३०० आणि मिस्त्रींची मजुरी ३,५००. म्हणजे हातकामाचे ४,७५० रुपये. एकूण ११,००० रुपये.

या यंत्राची रचना साधी आहे. दोन फेऱ्यांच्या या इंजिनात व्हॉल्व्ह नाहीत. पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक हेच त्याचे मुख्य हलते भाग. सिलिंडरचा मूळ व्यास ५७ मिलिमीटर आणि पिस्टनची धावही ५७ मिलिमीटर, त्यावरूनच १४५.४५ घन सेंटिमीटर ही क्षमता येते. पिस्टनच्या घर्षणाने सिलिंडर झिजला म्हणजे तो लेथवर किंचित रुंद करून त्यात तेवढाच मोठा पिस्टन बसवावयाचा, हेच 'बोअरिंग'. प्रत्येक वेळी साधारण पाव मिलिमीटर धातू जातो. म्हणून पहिले बोअर, दुसरे बोअर, तिसरे बोअर अशी मोजदाद असते आणि ती काही बोअरांनंतर संपते. सिलिंडरची भिंत म्हणजे जणू मुद्दल. प्रत्येक दुरुस्ती त्यातून थोडे उचलते. दुरुस्तीने वस्तू अमर होत नाही, तिचे आयुष्य लांबते एवढेच.

बिलातील सर्वांत लक्षणीय आकडा मजुरीचा आहे. इंजिन उतरविणे, खोलणे, भाग धुणे, भोसरीतील लेथवाल्याकडे दोन खेपा घालणे, पुण्याच्या नाना पेठेत सुट्या भागांचा शोध घेणे, जुळवणी करणे आणि शेवटी कानाने आवाज ऐकून कार्बुरेटर लावणे, या सर्वांना चार दिवस लागले. दिवसाला ८७५ रुपये पडले. चाळीस वर्षांचा अनुभव असलेल्या कारागिराची ही कमाई आहे, आणि गॅरेजचे भाडे त्यातूनच द्यावयाचे आहे.

दुर्भिक्षाकडून विपुलतेकडे

हा आकडा समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. आकुर्डीच्या कारखान्यात प्रथम इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या परवान्याने व्हेस्पा स्कूटर तयार होत असे. तो करार संपल्यावर १९७२ मध्ये 'चेतक' आली. परवाना-पद्धतीने उत्पादनक्षमतेवर मर्यादा होती आणि मागणी त्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे. परिणामी नाव नोंदविल्यानंतर वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि हाती आलेली स्कूटर दुसऱ्या दिवशी विकली तर कारखान्याच्या किमतीहून अधिक पैसे मिळत. ज्या वस्तूची जुनी प्रत नव्या प्रतीहून महाग, तिची दुरुस्ती केव्हाही परवडणारच. अशा बाजारपेठेत मिस्त्री हा सन्माननीय माणूस होता. निगडी, चिंचवड, भोसरी, पिंपरी येथील गल्लीबोळांत गॅरेजे निघाली ती या दुर्भिक्षाच्या बळावर. दुर्भिक्ष ही काही गौरवाची गोष्ट नव्हे. शिक्षकाला आणि कारकुनाला एका वाहनासाठी वर्षानुवर्षे ताटकळत ठेवणारी व्यवस्था अन्यायकारकच होती. तथापि तिच्या पोटी दुरुस्तीचे एक शास्त्र वाढले, हेही नाकारता येत नाही.

जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने परवाना-पद्धती बहुतांशी मोडीत काढली. नव्या वाहनांचा पुरवठा वाढला, ग्राहक मोटारसायकलीकडे वळला. चाकणला १९९९ मध्ये नवा कारखाना सुरू झाला. सप्टेंबर २००७ मध्ये आकुर्डीतील वाहन-उत्पादन थांबले. २००९ मध्ये कंपनीने स्कूटर-व्यवसायातूनच अंग काढून घेत असल्याचे जाहीर केले. पुढे 'चेतक' हे नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरला मिळाले. जानेवारी २०२० मध्ये ती सुमारे एक लाख रुपयांपासून पुढे विक्रीस आली आणि २०२२ मध्ये तिच्यासाठी आकुर्डीच्याच जागेवर नवा कारखाना उभा राहिला. जुनी स्कूटर जेथे जन्मली तेथेच आज तिची प्रतिस्पर्धी तयार होते.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमॉल व विल्यम बोवेन यांनी १९६६ मध्ये एक विचार मांडला. कारखान्यात तंत्रामुळे दर वस्तूमागील श्रम घटत जातात. परंतु चार वादकांनी मिळून वाजवावयाची रचना वाजविण्यास आजही चारच वादक आणि तेवढाच वेळ लागतो. म्हणून कारखान्यातील वस्तू तुलनेने स्वस्त होत जाते आणि हातकाम तुलनेने महाग होत जाते. इंजिन खोलून जोडणे हे दुसऱ्या प्रकारचे काम. चाळीस वर्षांपूर्वी त्याला जेवढे दिवस लागत, तेवढेच आज लागतात. या सिद्धान्तानुसार मिस्त्रींची मजुरी बरीच चढावयास हवी होती. मग ती ८७५ रुपयांवर का अडली?

कारण तिच्या डोक्यावर एक छत आहे. इंजिनाच्या कामाला ग्राहक किती पैसे देईल, हे मिस्त्रींच्या कौशल्यावर ठरत नाही. दुरुस्त झालेली स्कूटर बाजारात कितीला विकली जाईल, यावर ठरते. आमची स्कूटर चांगली चालू लागल्यावरही तिचे पंधरा-वीस हजारांपेक्षा जास्त येणार नाहीत. मिस्त्रींनी मजुरी दुप्पट सांगितली तर ग्राहक भंगारवाल्याला बोलावील, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. दुरुस्तीची मजुरी वाढत नाही, आणि न वाढल्यामुळे नवा मुलगा त्या धंद्यात येत नाही. हातकाम महाग होण्याऐवजी दुर्मिळ होते. बाजाराने किंमत वाढवून इशारा दिला असता तर तो दिसला तरी असता. येथे किंमत स्थिर राहते आणि कारागीर मात्र नाहीसा होतो.

घरचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अर्थशास्त्राचा पहिला नियम असा की, झालेला खर्च विसरावा आणि पुढील खर्चाकडे पाहावे. वडिलांनी स्कूटरसाठी किती वर्षे वाट पाहिली, याला या हिशेबात स्थान नाही.

जुन्या स्कूटरवर ११,००० रुपये इंजिनाचे. नोंदणीच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील दुचाकीसाठी ३०० रुपयांवरून १,००० झाले आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरील दुचाकीसाठी ते २,००० झाले. त्याशिवाय राज्याचा पर्यावरण कर आहेच. तो २,००० रुपये धरू. असे १५,००० रुपये पाच वर्षांवर विभागले तर वर्षाला ३,००० आणि किरकोळ दुरुस्तीचे १,५००, म्हणजे ४,५०० रुपये. विजेवरील नवी स्कूटर एक लाखाची धरली, ती दहा वर्षे बॅटरीसह टिकेल असे मानले आणि व्याज मिळविले, तर वर्षाला सुमारे १४,००० रुपये पडतात. विमा दोन्हीकडे असल्याने तो बाजूला ठेवू. नवी स्कूटर याप्रमाणे वर्षाला ९,५०० रुपयांनी महाग पडते.

परंतु चालविण्याच्या खर्चात चित्र उलटे होते. पेट्रोल लिटरला १०४ रुपये आणि लिटरमागे ४० किलोमीटर धरले तर किलोमीटरला २ रुपये ६० पैसे, त्यात मिसळावयाच्या तेलाचे सुमारे २० पैसे. एकूण २ रुपये ८० पैसे. विजेच्या स्कूटरला शंभर किलोमीटरसाठी सुमारे तीन युनिटे आणि युनिटला दहा रुपये धरले तर किलोमीटरला ३० पैसे. अंतर अडीच रुपयांचे. ९,५०० ला अडीचने भागले म्हणजे ३,८०० किलोमीटर येतात. दिवसाला साधारण दहा.

निष्कर्ष स्पष्ट आहे. जो निगडीहून रोज चाकणला कामावर जातो, त्याने जुन्या इंजिनावर पैसे घालू नयेत. जो घरापासून तीन-चार किलोमीटरवरील शाळेत, बँकेत वा महाविद्यालयात जातो आणि रविवारी मंडईत, त्याने भंगारवाल्याची घाई करू नये. लेखक दुसऱ्या वर्गात मोडतो; म्हणून इंजिनाचे काम करून घेतले. भावना या निर्णयात नव्हती असे नाही; परंतु हिशेब तिच्या विरोधात नव्हता.

धुराचा हिशेब

या जमाखर्चात एक बाजू मात्र राहून गेली आहे. दोन फेऱ्यांच्या इंजिनात जळलेला वायू बाहेर ढकलला जात असतानाच ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळता निसटून जातो आणि त्याबरोबर तेलही. तो निळसर धूर शेजाऱ्याच्या फुप्फुसात जातो आणि त्याचा खर्च मालकाच्या वहीत लिहिला जात नाही. म्हणून सरकारने जुन्या वाहनावर कर बसविला तर तत्त्वतः तक्रार करता येणार नाही. समाजावर लादलेला खर्च लादणाऱ्याने द्यावा, हे अर्थशास्त्राला मान्यच आहे.

आक्षेप कराच्या मोजमापाला आहे. आजचे शुल्क वाहनाचे वय पाहते. ते किती धावते आणि किती धूर सोडते, हे पाहत नाही. वर्षाला दोन हजार किलोमीटर चालणारी, पिस्टन-रिंगा नव्या असलेली स्कूटर आणि रोज पन्नास किलोमीटर धूर ओकीत जाणारी स्कूटर, दोघींना एकच दर. इंजिन दुरुस्त करून धूर कमी करणाऱ्याला या रचनेत कोणतेही उत्तेजन नाही. जितके दुर्लक्ष कराल तितके स्वस्त.

याउलट, पन्नास वर्षे पूर्ण केलेल्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या वाहनांसाठी जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र नियम झाले. वीस हजार रुपये भरून त्यांना खास नोंदणी मिळते. मात्र नित्याच्या वापरासाठी ती रस्त्यावर आणता येत नाहीत. १९७२ ची पहिली 'चेतक' आता या वयाची झाली आहे. म्हणजे हौशी संग्राहकाच्या वाहनाला वारशाचा दर्जा आहे. पंधरा ते पन्नास वर्षांच्या दरम्यान, रोजच्या कामाला उपयोगी पडणाऱ्या कारकुनाच्या स्कूटरला मात्र दंडवजा शुल्काखेरीज काही नाही. वस्तू शोभेची झाली की तिला मान आणि उपयोगाची असेपर्यंत जाच, असा हा न्याय आहे.

कौशल्याचा घसारा

तथापि खरा प्रश्न स्कूटरचा नाहीच. यंत्र झिजते म्हणून कारखाना दर वर्षी घसारा बाजूला काढतो, त्यातून पुढे नवे यंत्र येते. मिस्त्रींच्या हातातील कौशल्यही झिजते. माणूस थकतो, डोळे अधू होतात. त्यांच्या जागी दुसरा तयार करावयाचा तर एका मुलाला चार-पाच वर्षे हाताखाली ठेवून पोसावे लागते. तो खर्च ११,००० च्या बिलात कोठेही नाही. या अर्थाने ते बिल महाग नसून अवास्तव स्वस्त आहे. मागील पिढीने घडविलेले भांडवल आपण घसारा न काढता वापरीत आहोत.

आमचे मिस्त्री एका कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले आणि मिळालेल्या पैशातून त्यांनी गॅरेज टाकले. त्यांचा मुलगा चाकणच्या पट्ट्यात कंत्राटी कामगार आहे. ठरावीक बोल्ट ठरावीक जोराने आवळणे हे त्याचे काम. 'त्याला पूर्ण इंजिन कधी उघडावे लागले नाही,' असे मिस्त्री सांगतात, तेव्हा स्वरात तक्रार नसते. पगार वेळेवर होतो याचे समाधानच असते. जो मुलगा दिवसाला शेकडो वाहने जोडण्यात हातभार लावतो, त्याला घरचे एक वाहन दुरुस्त करता येत नाही, हा दोष त्याचा नव्हे. श्रमविभागणीचा तो स्वाभाविक परिणाम आहे.

दुरुस्तीला माणूस लागतो तशी जागाही लागते. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडी-चिखली परिसरातील भंगाराची गोदामे, पत्र्याच्या शेड आणि लहान कारखाने मोठ्या प्रमाणावर पाडले. ती बांधकामे अनधिकृत होती, तेथे आगी लागत, धूर व सांडपाण्याचा उपद्रव होता. कारवाईला कारणे होती, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु जुना सुटा भाग शोधणारा, तो घासून पुसून विकणारा, वितळवून पुन्हा धातू करणारा असा एक व्यवहार त्या शेडमध्ये चालत होता. शेड पाडली म्हणून त्या व्यवहाराची गरज संपली नाही. शहराच्या आराखड्यात त्याला रीतसर जागा कोणती, हा प्रश्न उरतोच.

कोणी म्हणेल, जुनी इंजिने जाणारच. त्यांच्या मिस्त्रींचे दुःख किती करावयाचे? हा युक्तिवाद बरोबर ठरला असता, जर नव्या वाहनांना दुरुस्ती लागणार नसती तर. आज एक लाखाला घेतलेल्या स्कूटरची बॅटरी आणि नियंत्रक यंत्रणा वॉरंटी संपल्यावर बिघडेल, तेव्हा भाग उघडणारा गल्लीत कोणी नसेल. 'युनिट बदला' एवढाच सल्ला मिळेल. वर दहा वर्षांच्या टिकाऊपणावर आधारलेला आपला सारा हिशेब तेथे कोसळतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. वाहन-क्षेत्राचा त्यात समावेश आहे. ही दिशा योग्य आहे. पण हक्क कागदावर असून दुरुस्त करणारा हात नसेल, तर तो हक्क बजावावयाचा कोणाकडून?

काय करता येईल

उपाय फार खर्चाचे नाहीत. पहिला, जुन्या वाहनावरील शुल्क वयाऐवजी धुराच्या प्रत्यक्ष चाचणीशी व वापराशी जोडावे आणि इंजिनाचे काम करून चाचणीत उतरलेल्या वाहनाला सवलत द्यावी. दुसरा, महापालिकेने औद्योगिक क्षेत्रात दुरुस्ती-व्यवसायासाठी परवडणाऱ्या भाड्याचे गाळे राखून ठेवावेत, जेथे सांडपाण्याची आणि आगीपासून संरक्षणाची व्यवस्था असेल. तिसरा, मोरवाडी येथे महापालिकेची स्वतःची औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. तेथे आणि इतरत्र, निवृत्त कारागिरांना मानधन देऊन जुने इंजिन आणि नवी बॅटरी दोन्ही उघडून दाखविण्याचे काम द्यावे. चौथा, उत्पादन बंद झाल्यावरही ठरावीक वर्षे सुटे भाग व दुरुस्तीची माहिती उपलब्ध ठेवण्याचे बंधन उत्पादकांवर असावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अनेक सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला, हे स्वागतार्हच. परंतु भाग स्वस्त झाला तरी तो बसविणारा उरला नाही, तर त्या सवलतीचा उपयोग काय?

पिंपरी-चिंचवड आणि चाकण ही नवी वाहने घडविणारी नगरी आहे. नव्याची विक्री थांबावी, असे येथील कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. हजारो घरांच्या चुली त्यावर चालतात. परंतु ज्या गावाला वस्तू घडविता येते आणि बिघडल्यावर सावरता येत नाही, त्या गावाचे कसब अर्धेच म्हटले पाहिजे. आमची स्कूटर दुरुस्त होऊन आली, पहिल्या किकला सुरू झाली. मिस्त्रींना बिलाचे पैसे देताना, दुसऱ्या बोअरनंतर आता किती वर्षे चालेल, असे विचारले. ते म्हणाले, 'गाडी चालेल हो, सर. तिसऱ्या बोअरला माझ्याकडे येऊ नका म्हणजे झाले. तोवर मी काही दुकानात नसेन.' त्या वाक्याची रक्कम बिलात धरलेली नव्हती.